वळचणीचं पाणी आढ्याला जातं

(वस्तीतल्या छावणीच्या बैठकीत मे महिन्यात केलेलं भाषण. बोललं तसंच उतरवून घेतलं आहे.)



माझ्या आधी दोघं बोलले ते क्रांतीवर बोलले. झकास बोलले. मी पत्र्यावर बोलणार आहे. मला दुसरं काही येत नाही. तीस वर्षं झाली, मी ह्या मुंबईत लोकांच्या डोक्यावर पत्रे ठोकतोय. साहेब लोकांच्या गच्चीवर पावसाळी शेड मी टाकली, शेटजींची गोदामं मी झाकली, आणि आपल्या वस्तीतल्या निम्म्या छपरांवर माझ्या ढोपरांचे ठसे आहेत. क्रांती येईल तेव्हा येईल, तिची तारीख कुणी जाहीर केलेली नाही. पावसाची तारीख जाहीर आहे. हवामान खात्याच्या हिशेबानं मुंबईत पाऊस ११ जूनला लागतो. आज मे निम्मा सरला. म्हंजे आपल्या हातात चार आठवडेसुद्धा नाहीत.

छप्पर हा काय भाषणाचा विषय आहे का, असं ज्याला वाटतं त्याच्या डोक्यावर स्लॅब असतो. मराठी साहित्यातला पाऊस बघा. तो खिडकीतनं बघायचा पाऊस आहे. हातात चहा, बाहेर रिमझिम, आत गाणं. आमच्याकडं पाऊस रिमझिमत नाही, घुसतो. आमची आई रातभर भगुली हलवत बसायची. थेंब इथला तिथं सरकला की भगुलं तिथं. सगळ्यात आधी ती बाबासाहेबांचा फोटो उतरवायची, मग फोटोपासची पिशवी, मग पीठ. पोरं शेवटी. पोरं भिजली तर वाळतात, कागद भिजला तर माणूस बेकायदा होतो.

तर पहिली गोष्ट. छप्पर ही पावसाची गोष्ट आहे असं समजू नका. ती जातीची गोष्ट आहे. बाबासाहेबांच्या इंग्रजी लिखाणाचा पाचवा खंड १९८९ साली सरकारनं छापला. त्यात त्यांनी गावाचा कायदा मांडून दाखवलाय. अस्पृश्यानं काय काय केलं की तो गुन्हा होतो, त्याची यादीच आहे. स्वच्छ कपडे घातले, गुन्हा. पायात जोडा घातला, गुन्हा. घोड्यावर बसला, गुन्हा. आणि त्याच यादीत आहे की घरावर कौलं घातली तर गुन्हा. कौलं! भाजलेली माती ती. पण गावाला ठाऊक होतं की ज्याच्या डोक्यावर कौल आलं तो दर साली गवत मागायला येणार नाही. ज्याचं छप्पर दर पावसाळ्यात कुजतं तो दर पावसाळ्यात कुणाच्या तरी दारात उभा राहतो. गळकं छप्पर ही गावानं राखलेली गोष्ट आहे, गरिबीतनं आपोआप आलेली नाही.

माझ्या आज्यानं सोलापुरातनं बैलगाडीत घालून चार पन्हळी पत्रे आणले होते. हे मला बापानं सांगितलेलं. पत्रे वर्षभर भिंतीला टेकून उभे राहिले. का? तर गावचा सुतार महारवाड्यात यायला तयार नाही. वासे कोण तासणार, खिळे कोण मारणार? शेवटी आज्यानं स्वतःच दगडानं खिळे ठोकले. पत्र्याला पन्हळी असतात, एक उंचवटा, एक खोलगट, हे तुम्ही बघता. आज्यानं खिळे खोलगटात मारले. वाटतं तसंच, कारण खोलगट खाली वाशाला टेकतो, खिळा सहज बसतो. पण पाणी वाहतं खोलगटातनंच. खिळ्याच्या भोकावरनं धार जाते. घर पहिल्या पावसातच गळलं, आणि गाव काय म्हणालं? "ह्यान्ला पत्रं कशाला पायजे, ह्यान्ला पाचटच बरं." दोस्तांनो, खिळा उंचवट्यावर मारायचा असतो. एवढीच विद्या. चार शब्दांची. ती पण त्या म्हाताऱ्याला कुणी दिली नाही. गौतम धर्मसूत्रात कानात शिसं ओतायच्या गोष्टी आपण वाचतो, तेवढं लांब जायची गरज नाही. आमच्या घरात ती विद्या तीन पिढ्यांनी आली. माझ्या हातात पक्कड आली तेव्हा.

बाप १९७२च्या दुष्काळात मुंबईला आला. मी काखेत. बापाला घर शाकारणं येत होतं, पण कुठलं? माळवदाचं. आमच्या मराठवाड्यात धाब्याची घरं. खाली लाकडं, वर तुरकाट्या, वर चिखल, वर पांढरी माती. मिरगाच्या आधी नवीन पांढरी अंथरायची, तुडवायची, की झालं. तिथं वरीसभरात पडतो त्याच्या जवळपास तिप्पट पाऊस मुंबईत चार महिन्यांत पडतो. बापाला कळेना ह्या पावसाचं काय करावं. तो तिरपा येतो. समुद्राकडनं, नैर्ऋत्येकडनं, भिंतीवर, दारावर, पत्र्याच्या खालनं. कोकणातली माणसं आगोटीच्या आधी त्या बाजूला माडाच्या झावळ्यांचे झाप बांधतात. त्यांना पिढ्यान्‌पिढ्यांचं ठाऊक. आमच्या बापाला नाक्यावरच्या एका कोकणी म्हाताऱ्यानं सांगितलं, "अरे बाबा, छपराचो पावस येगळो नि भिंतीचो येगळो." तेव्हा बापानं पश्चिमेच्या भिंतीला पोतं बांधलं.

आता कामाचं बोलू.

छप्पर जूनमध्ये दुरुस्त होत नाही. जूनमध्ये नुसती बोंबाबोंब होते. ओल्या पत्र्यावर चढलात तर पाय घसरतो, डांबर चिकटत नाही, दुकानदार ताडपत्रीचा भाव चढवतो. काम मेमध्ये करायचं. आणि पहिलं काम छपरावर चढून होत नाही, घरात बसून होतं. भर दुपारी, ऊन डोक्यावर असताना दार लावा, खिडकी लावा, दिवा बंद करा, आणि वर बघा. प्रत्येक भोक चांदणीसारखं चमकेल. आमच्या घरात दुपारी बारा वाजता सगळं आकाश दिसायचं. ज्या भोकातनं उजेड येतो तिथनं एक बारीक तार वर घाला, तार वर उभी दिसली पाहिजे. मग वर चढा. नाहीतर काय होतं, घरात पाणी पडतं कोपऱ्यात, माणूस कोपऱ्यावर डांबर थापतो, पाणी तरी पडतंच. कारण भोक असतं चार फूट वर. पाणी भोकातनं शिरतं, आडव्या पाइपाच्या अंगानं धावतं, आणि जिथं अडेल तिथं टपकतं. टपकतं तिथं गळत नसतं. पुढारी आणि पत्रा दोन्ही ठिकाणी हे ध्यानात ठेवा.

भोक बुजवायचं ते वरनं. आतनं एम-सील थापणारे मला भेटतात, मी त्यांच्या पाया पडतो. आतनं लावलेलं पाणी ढकलून पाडतं. वरनं घासा, गंज काढा, कोरडं करा, गरम डांबर, त्यावर गोणपाटाची किंवा जुन्या सुती साडीची पट्टी, त्यावर परत डांबर. पट्टी भोकाच्या चारी बाजूंनी वीतभर पाहिजे. पैसे असले तर तयार डांबरी पट्टी मिळते, ती चांगली.

नवीन पत्रा टाकणार असाल तर ऐका. दुकानात गेज विचारतात. गेजचा आकडा जेवढा मोठा तेवढा पत्रा पातळ. हे उलटं आहे, आणि ह्या उलट्यावर बरेच दुकानदार जगतात. पत्र्याला उतार पाहिजे. दहा फुटांच्या खोलीला एका बाजूनं दोन फूट तरी उंच. दोन पत्रे शेजारी चढवताना दीड पन्हळ एकावर एक. वरचा पत्रा खालच्यावर सहा इंच तरी, उतार कमी असेल तर त्याहून जास्त. आणि चढवायचे कुठल्या बाजूनं? वारा जिकडनं येतो त्याच्या उलट्या टोकापासनं सुरुवात करायची. म्हंजे सांध्याचं उघडं तोंड वाऱ्याकडं येत नाही. आपल्याकडं वारा नैर्ऋत्येचा, म्हंजे सुरुवात पूर्वेकडच्या टोकापासनं. निम्म्या वस्तीत हे उलटं ठोकलंय. ठोकणाऱ्यानं जिकडनं शिडी लागली तिकडनं सुरू केलं.

आणि इथं मला एका म्हणीचा समाचार घ्यायचा आहे. शहाणे लोक सांगतात, वळचणीचं पाणी आढ्याला जात नाही. वळचण म्हंजे छपराची खालची कड, आढं म्हंजे वरचा कणा. खालच्यानं खालीच राहावं, हा त्याचा अर्थ. शाळेत आम्हाला वाक्यात उपयोग करायला लावायचे. मी पत्रे ठोकणारा माणूस, मी तुम्हाला सांगतो, जातं! उतार कमी असला, सांधा आखूड असला आणि वारा पाठीशी असला की पाणी पत्र्यावरनं उलटं वर चढतं आणि सांध्यातनं आत उतरतं. मी जुलैच्या वादळात छपरावर पालथा पडून हे डोळ्यांनी बघितलंय. ही म्हण ज्यानं केली तो कधी छपरावर चढलेला नव्हता. त्याचं छप्पर दुसराच कुणीतरी शाकारत होता.

हुक. पत्रा पाण्यानं जात नाही, वाऱ्यानं जातो. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ श्रीवर्धनजवळ धडकलं. आम्ही चौघं नंतर टेम्पोनं रायगडात कामाला गेलो. कौलारू घरं उघडी पडलेली, पत्रे नारळीच्या झाडात अडकलेले, बाजारात पत्रा मिळेना, मिळाला तर भाव चढलेला. मी गावोगाव एकच बघत होतो, कुठलं छप्पर टिकलं? जाड पत्र्याचं टिकलं असं नाही. ज्याच्या कडेचे हुक जवळजवळ होते ते टिकलं. वारा छपरावरनं जाताना त्याला वर ओढतो, आणि उघड्या दारातनं शिरलेला वारा खालनं उचलतो. दोघांच्या मधी पत्रा. आणि ही ओढ सगळ्यात जास्त असते कडांना आणि कोपऱ्यांना. म्हणून मधी एक पन्हळ सोडून हुक चालेल, कडेला दर पन्हळीला पाहिजे. हुक खालच्या पाइपाला घट्ट धरलेला पाहिजे, आणि पाइप भिंतीला. पत्रा पाइपाला, पाइप भिंतीला, भिंत जमिनीला. ह्यातली एक कडी सुटली की सगळं सुटलं. आपण काय करतो? वर दगड ठेवतो. टायर ठेवतो. टायर ठीक आहे. दगड म्हंजे वादळात शेजाऱ्याच्या डोक्यावर. ठेवायचंच वजन तर रेतीची पोती, ती पण दोरीनं एकमेकांना आणि दोन्हीकडं खाली बांधलेली.

सिमेंटचा पत्रा. हा विषय मी रागानं बोलतो. त्यात अॅस्बेस्टॉस असतं. जगातल्या कितीतरी देशांनी त्यावर बंदी घातली, जागतिक आरोग्य संघटना सांगते की त्याच्या सगळ्या जातींनी कॅन्सर होतो. बारीक तंतू छातीत बसतो आणि वीस-तीस वर्षांनी उठतो. तेव्हा ठेकेदार कुठं असतो? आपल्या वस्तीत हे पत्रे आहेत, ते उद्या काढून फेका असं मी म्हणणार नाही, कुणी पैसे देणार नाही. पण तो सुका कापू नका. करवत लावायच्या आधी पाणी मारा, धूळ उडू देऊ नका, तुकडे पोरांच्या हातात देऊ नका, झाडू मारू नका, ओल्या फडक्यानं पुसा. आणि त्याच्यावर कधी सरळ पाय ठेवू नका. तो बघायला दगड, पण जुना झाला की पापड. आमच्या धंद्यातली माणसं त्यातनं खाली गेलीत. दोन पाइपांवर फळी टाकायची आणि फळीवर चालायचं.

ताडपत्री. निळी, काळी, पिवळी, कुठली पण. ती पाण्यानं फाटत नाही, उन्हानं कुजते. म्हणून एक-दोन हंगामांत ती भुगा होते, आणि दुकानदार पुढच्या मेमध्ये तुमची वाट बघत बसतो. ताडपत्रीला पोट सुटू देऊ नका. एक मीटर बाय एक मीटर जागेत दहा सेंटीमीटर पाणी साचलं तर ते शंभर किलो होतं. म्हंजे ज्वारीचं एक क्विंटलचं पोतं तुमच्या पोरांच्या डोक्यावर टांगलंय. खाली बांबू घालून तिला उतार द्या, ताणून बांधा, घासते तिथं जुनी रबरी नळी घाला.

निवडणुकीचे फ्लेक्स मिळतात ते पण चांगले. मी एका घरावर एका नेत्याचा फ्लेक्स ताणून बांधला. छपाई खालच्या बाजूला, म्हंजे तोंड घरात. म्हातारी म्हणाली, "बाबा, ह्याला उलटा कर, रातभर माझ्याकडं बघतोय." उलटा केला. पाच वर्षांत त्या माणसाचा आम्हाला झालेला तेवढाच उपयोग.

आणि वायर. पत्रा धातूचा, घर ओलं, आणि मीटरची वायर खिळ्यावरनं ओढलेली. पावसाळ्यात शॉकनं मरतात ती आपली माणसं मरतात. छप्पर करायच्या दिवशी मेन स्विच खाली. वायर पत्र्याला कुठं टेकली का, हे आधी बघायचं. मग गळती.

हे झालं घराचं. आता रांगेचं बोलतो, कारण मी आलोय त्यासाठी.

२६ जुलै २००५. सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. हिशेब करा. एक मिलिमीटर म्हंजे एका चौरस मीटरवर एक लिटर. आपली दहा बाय बाराची खोली, तिच्या छपरावर त्या दिवशी साडेदहा हजार लिटर पाणी पडलं. एक आख्खा टँकर. मेमध्ये ज्या टँकरसाठी आपल्या बाया हंडे घेऊन भांडतात तो टँकर एका दिवसात एकेका घराच्या डोक्यावर ओतला गेला. हे पाणी कुठं जातं? माझ्या पत्र्यावरनं तुमच्या भिंतीवर. तुमच्या भिंतीतनं त्याच्या मोरीत. आपल्या घरांना मधी जागा नाही, दोन छपरांच्या मधी जी खाच आहे तिथं सगळं पाणी येतं, आणि ती खाच कुणाच्याच मालकीची नाही. माझं छप्पर मी पक्कं केलं आणि पन्हळ नाही लावली, तर मी काय केलं? माझी गळती शेजाऱ्याच्या घरात ढकलली. दर जुलैला आपल्या रांगांत जी भांडणं होतात, डोकी फुटतात, पोलीस येतात, ती ह्या खाचेवरनं होतात. पोलिसाला बरं वाटतं. आपल्यात आपण भांडतो.

म्हणून मी म्हणतो, घर घर सुटं दुरुस्त करू नका. आख्खी रांग एका दिवशी. खाचेत एकच लांब पन्हळ, शेवटपर्यंत, गटारापर्यंत. पन्हळीचा खर्च रांगेतल्या सगळ्यांनी वाटून. ज्याच्याकडं नाही त्याचा छावणीनं. पत्रे, हुक एकदम घेतले तर भाव पाडता येतो, एकेकट्यानं घेतले तर दुकानदार आपल्याला पाडतो. सुट्या घराची गळती वर्षानुवर्षं चालते हे मी तीस वर्षं बघतोय आणि आता मला त्याचा कंटाळा आलाय.

आता तुम्ही विचाराल, आणि विचारायलाच पाहिजे, की एवढं सगळं आपण का करायचं? पक्कं छप्पर एकदाच का नाही घालत? घालता येत नाही, कारण आपण तात्पुरते आहोत. हा शब्द नीट ऐका. तात्पुरते. १९७१ साली झोपडपट्टीचा कायदा झाला. १९७६ साली झोपड्यांची गणती झाली, फोटोपास मिळाले. मग तारखा आल्या. १९८०, १९८५, १९९५, २०००, २०११. तारखेच्या अलीकडचा तो रहिवासी, पलीकडचा ते अतिक्रमण. चौदा फुटांच्या वर गेलात की हातोडा. ज्याला उद्या हलवणार असं पन्नास वर्षं सांगताय, तो स्लॅब कशाला घालील? तो ताडपत्रीच घालणार. आपलं छप्पर भोकातनं गळतंच, पण त्याहून जास्त ह्या शब्दातनं गळतं.

आणि पाऊस म्हंजे काय हे राज्यकर्त्यांना ठाऊक नाही असं नाही. १३ जुलै १९८१ ला मुख्यमंत्र्यांनी जाहीर केलं की फुटपाथवरच्यांना उचलून त्यांच्या मूळ गावी पाठवणार. महिना बघा, जुलै. लोक हायकोर्टात गेले. १५ ऑक्टोबरपर्यंत झोपड्या पाडणार नाही असं कोर्टात कबूल झालं, आणि २३ जुलैला माणसं एसटीच्या गाड्यांत कोंबली. मग ओल्गा टेलिस खटला. सुप्रीम कोर्टानं १९८५च्या जुलैत निकाल दिला. रोजीरोटीचा हक्क हा जगण्याच्या हक्काचा भाग आहे असं म्हटलं, आणि त्याच निकालात फुटपाथवरनं हटवता येईल असंही म्हटलं. फक्त पावसाळा संपू द्या, ३१ ऑक्टोबरपर्यंत थांबा. म्हंजे हक्क वाहून गेला आणि उरली ती पावसाळ्याची सवलत. ती तरी पाळतात? ६ जून २०२४ ला पवईत शेकडो झोपड्या पाडल्या. पावसाळ्यात राहती घरं पाडू नयेत असा सरकारचाच निर्णय असताना. प्रकरण हायकोर्टात गेलं, विशेष तपास पथक नेमावं लागलं. वस्तीचं नाव काय होतं? जयभीम नगर.

आणखी एक कागद तुम्हाला माहीत पाहिजे. आपत्तीत घर पडलं तर मदत किती, ह्याचे केंद्र सरकारचे निकष असतात. २०२२-२३ ते २०२५-२६ ह्या वर्षांसाठी जे ठरवले त्यात सपाट मुलखात घर पूर्ण पडलं, पक्कं असो कच्चं असो, तर १,२०,००० रुपये. झोपडी पडली तर ८,०००. आणि झोपडी म्हंजे काय? त्याची व्याख्या दिलीय. कच्च्या घराहूनही खालच्या दर्जाचा तात्पुरता निवारा, गवताचा, मातीचा, प्लास्टिकचा. बघा, आला का तो शब्द? शिवाय घर अधिकृत बांधकाम असल्याचा दाखला पाहिजे. म्हंजे आधी पक्कं बांधू द्यायचं नाही, मग ते पडलं की पक्कं नव्हतं म्हणून पंधरावा हिस्सा द्यायचा. गावाच्या कायद्यात कौल घालणं गुन्हा होता. इथं गुन्हा म्हणत नाहीत, रकाना म्हणतात.

म्हणून छपराचं काम करताना दोन कामं बरोबर करायची. एक पोरगं शिडीवर, एक पोरगं मोबाइल घेऊन खाली. दुरुस्तीच्या आधी प्रत्येक घराचा फोटो, आतनं, बाहेरनं, छपराचा, भिंतीचा. पत्र्याचं, पाइपाचं बिल पक्कं घ्या, ज्याचं घर त्याच्या नावावर. भिंत विटेची आहे, पत्रा लोखंडी पाइपावर आहे, हे फोटोत दिसलं पाहिजे. उद्या वादळ आलं आणि तलाठी पंचनाम्याला आला, तर तो दारात उभा राहून 'झोपडी' लिहायच्या आधी त्याच्यासमोर ते फोटो धरायचे. हे वाचवेलच अशी खात्री मी देत नाही. पण मोकळ्या हातानं त्याच्याशी भांडण्यापेक्षा बरं.

आयाबायांना एक सांगायचंय. छप्पर बापाचं आणि गळती आईची, अशी वाटणी आपल्या घरांत झालीय. पुरुष माणूस वर चढून दोन खिळे मारतो, मिशीवर ताव देतो आणि जुलैत रात्रपाळीला जातो. कुठं गळतं, किती वाजता गळतं, कुठल्या वाऱ्याला गळतं हे बाईला ठाऊक. त्यामुळं ह्या वेळी यादी बाया करणार. प्रत्येक घराची. आणि ज्या मुलींना वर चढायचंय त्यांना मी शिकवणार. "पोरगी छपरावर बरी दिसत नाही" असं कुणी म्हणालं तर त्याला माझ्याकडं पाठवा, मी त्याला सिमेंटच्या पत्र्यावर फळीशिवाय चालायला लावतो.

बास. येत्या रविवारी सकाळी सातला सुरुवात. उन्हाच्या आत जमेल तेवढं, अकराला खाली उतरायचं, पत्रा तापला की हात भाजतो, मग परत चारला. पहिली रांग नाल्याकडची, तिथं पश्चिमेचा वारा थेट येतो आणि तिथं तीन घरांत एकट्या म्हाताऱ्या आहेत. दुसरी रांग विहाराच्या मागची. शिडी माझी, दोर माझा. पक्कड, हातोडा ज्याचा त्यानं आणायचा. डांबराचा डबा मी सांगून ठेवलाय, पैसे शनिवारपर्यंत जमवा. हुकाबरोबर डांबरी वायसर घ्या, पैसे कमी पडले तर सायकलच्या जुन्या ट्यूब आणा, तुटलेल्या स्लिपर आणा. एका स्लिपरीतनं पंधरा-वीस वायसर निघतात, एक पावसाळा काढतात. कुणी फेकू नका.

जयभीम.